मैदानातून उचलून नेलेल्या पोराचं पुढे काय होतं?

जानेवारीतली रात्र होती. कबड्डीच्या उपांत्य सामन्याचा दुसरा डाव चालू होता आणि मी पंच म्हणून मध्यरेषेपाशी उभा होतो. चढाईला आलेला पोरगा 21 वर्षांचा, अंगाने काटक. त्याच्या पायाच्या टचला आमच्या भागात नाव होतं. बोनस गुण घेऊन तो परतायला वळला तोच उजव्या कोपऱ्यावरच्या बचावपटूने त्याचा घोटा धरला. निसटायला त्याने मध्यरेषेकडे अंग फेकलं. अंग फिरलं, मांडी फिरली, पण बूट मॅटला घट्ट चिकटला होता, तो फिरला नाही. ओला टॉवेल झटकल्यासारखा आवाज आला. लाउडस्पीकर चालू असूनही मला तो ऐकू आला, कारण मी सहा फुटांवर होतो.

पुढची पाच मिनिटं मला जशीच्या तशी आठवतात. कुणीतरी गार स्प्रे मारला. सरबताच्या गाडीवरून बर्फ आणून टॉवेलात गुंडाळला. संघाच्या पिशवीतून क्रेप बँडेज निघालं आणि कर्णधाराने ते गुडघ्याला करकचून बांधलं. निवेदक माइकवरून सांगत होता, 'बघा मंडळी, याला म्हणतात मर्दानी खेळ.' टाळ्या पडल्या. पोरगा उठला, लंगडत चार पावलं चालला आणि मला म्हणाला, 'सर, खेळतो.' मी त्याला दोन उठाबशा काढायला सांगितल्या. त्याने दात आवळून काढल्या. मी मान डोलावली आणि शिट्टी वाजवली.

तिसऱ्या चढाईत कुणी हातही लावला नव्हता. नुसता दिशा बदलायला गेला आणि गुडघा आत कोसळला. यावेळी तो उठला नाही. दोघांनी हातांची खुर्ची करून त्याला बाहेर नेलं आणि मॅट वाहून आणलेल्या टेम्पोत बसवलं. तालुक्याच्या गावी एक्स-रे काढला, हाड शाबूत होतं, म्हणून 'मुका मार आहे, आठवडाभर विश्रांती घे' असं सांगून घरी पाठवलं. एक्स-रेत लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा बंध, दिसत नाही, हे तिथे कुणी त्याला सांगितलं नाही, आणि तेव्हा मलाही ते ठाऊक नव्हतं. मग हाडवैदाचा लेप झाला, तेल-मालिश झालं. सूज उतरली. मे महिन्यात तो पुन्हा सरावाला गेला आणि पुन्हा बसला. त्यानंतर कुठे एमआरआय झाला. आतलं लिगामेंट पूर्ण तुटलेलं आणि सांध्यातली गादीही फाटलेली. गादी पहिल्याच रात्री फाटली, की मी परत खेळायला सोडल्यावर, की मे महिन्यात, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण माझ्या त्या मान डोलावण्याचा हिशोब मी सोडू शकलेलो नाही, आणि हा लेख त्यातूनच लिहितो आहे.

अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांबद्दल आपल्याकडे बोलायला दोनच गोष्टी असतात. एक म्हणजे 'खेळ म्हटला की लागणारच'. दुसरी म्हणजे जिद्दीची कहाणी: अमुक खेळाडू जायबंदी झाला, डॉक्टरांनी आशा सोडली, पण त्याने हार मानली नाही आणि तो परत आला. या दोन्ही गोष्टींत मधला सगळा काळ गायब असतो. तो काळ कोण सोसतं, त्याचा खर्च कोण भरतं आणि जो परत येत नाही त्याचं काय होतं, याबद्दल आपण बोलत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. दुखापतीतून परतणं हे जिद्दीपेक्षा व्यवस्थेवर जास्त अवलंबून असतं. जिद्द तर त्या पोराकडे भरपूर होती. त्या जिद्दीनेच त्याचं वाटोळं केलं.

पवन सेहरावतचं उदाहरण कबड्डीवाल्या प्रत्येकाला माहीत आहे. प्रो कबड्डीच्या नवव्या हंगामात तमिळ थलायवाजने त्याला 2 कोटी 26 लाखांना घेतलं. तोवर या लीगमध्ये कुणावर एवढी बोली लागली नव्हती. 8 ऑक्टोबर 2022 ला गुजरातविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात पकड करायला जाताना त्याचा गुडघा गेला. स्ट्रेचरवरून बाहेर न्यावं लागलं आणि अख्खा हंगाम हातातून गेला. पुढच्या वर्षी जूनमध्ये बुसानला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तो भारताचा कर्णधार होता. 7 ऑक्टोबर 2023 ला हांगझोऊत इराणला हरवून आशियाई स्पर्धेचं सुवर्णपदक घेतलं तेव्हाही कर्णधार तोच. दुखापतीला वर्ष पुरं व्हायला एक दिवस बाकी होता. त्याच महिन्यात तेलुगू टायटन्सने त्याच्यावर 2 कोटी 60 लाख 50 हजारांची बोली लावली.

विनेश फोगाटची गोष्ट याहून मोठी आहे. 2016 ला रिओत चीनच्या सुन यानानशी लढताना गुडघा निखळला आणि ती स्ट्रेचरवरून मॅटबाहेर गेली. तिचं रडणं आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. दोन वर्षांनी जकार्तात ती आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला कुस्तीगीर ठरली. 2023 च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, आपल्या मुंबईत शस्त्रक्रिया झाली, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत तिने पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीपर्यंत धडक मारली.

या दोघांच्या कष्टांबद्दल मला नितांत आदर आहे. पण आमच्याकडच्या प्रशिक्षकांनी पोरांना त्यांची उदाहरणं देताना मी ऐकलं आहे: 'पवन वर्षात उभा राहिला, तू काय रडतोस?' त्या वाक्यात जे सांगायचं राहतं ते असं, की दुखापत झाली त्या क्षणी पवनजवळ स्ट्रेचर होतं, डॉक्टर होता. नक्की काय तुटलं हे कळायला त्याला पाच महिने लागले नाहीत. आमच्या पोराला लागले. दोघांच्या जिद्दीची तुलना करायची तर आधी हे पाच महिने वजा करायला हवेत.

त्या पोराबरोबर मी नंतर बऱ्याचदा फिजिओकडे गेलो. मी डॉक्टर नाही, पण त्या खोलीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मला जे कळलं ते वीस वर्षं कबड्डीत काढूनही कळलं नव्हतं. एसीएल म्हणतात ते लिगामेंट गुडघ्याच्या आत असतं, मांडीचं हाड आणि नडगी यांना बांधून ठेवणारं. ते पूर्ण तुटलं की सहसा आपलं आपण जुळत नाही. शस्त्रक्रियेत शरीरातलाच एखादा कंडरा, बहुधा मांडीच्या मागचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा, काढून तिथे ओवतात. आणि इथेच फसगत असते. नवा बंध बसवला त्या दिवशी जेवढा मजबूत असतो, त्यापेक्षा पुढच्या काही आठवड्यांत तो कमजोर होतो. शरीर त्याला आपलंसं करून घेत असतं. उलट दुखणं मात्र कमी होत जातं. चौथ्या महिन्यात खेळाडूला वाटतं, झालं, मी बरा. तो जिना चढतो, मोटारसायकलला किक मारतो, मित्र म्हणतात चल. बाहेरून ठणठणीत दिसणारा हा गुडघा तोपर्यंत आतून तयार झालेला नसतो.

डेलावेअर आणि ओस्लो इथल्या संशोधकांनी मिळून केलेला एक अभ्यास 2016 ला प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत मैदानात परतणं जितके महिने लांबवलं, तितकी पुन्हा दुखापत व्हायची शक्यता दर महिन्यामागे निम्म्याने घटली. नऊ महिने. आमच्याकडे सहाव्या महिन्यात मंडळाचे लोक घरी चहाला येतात आणि 'नुसता मैदानात उभा राहा, नावाने समोरचा दबतो' म्हणतात. शिवाय परतण्याची खात्री नसतेच. अशी शस्त्रक्रिया झालेल्या हजारो खेळाडूंच्या नोंदी एकत्र करून 2014 ला जो आढावा निघाला, त्यात कुठल्या ना कुठल्या खेळाकडे परतणारे शंभरात 81 होते, पण स्पर्धात्मक खेळात परतलेले 55. ही आकडेवारी बहुतेक अशा देशांतली, जिथे फिजिओ मिळणं अवघड नाही. आमच्या तालुक्यात आठवड्यातून तीनदा फिजिओकडे जायचं म्हणजे एसटीने चाळीस किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं, तेही कुबड्या घेऊन. शस्त्रक्रियेला पैसे उभे राहिले होते. मंडळाने वर्गणी काढली, एका आजी-माजी खेळाडूंच्या गटाने मदत केली. ऑपरेशन हा शब्द ऐकला की लोक खिशात हात घालतात. फिजिओच्या पन्नासाव्या फेरीसाठी कुणी वर्गणी काढत नाही.

मुलींचं तर बोलायलाच नको, असं म्हणून मी पुढे जाणार होतो, पण बोलायलाच हवं. त्याच खेळात, तेवढाच वेळ खेळणाऱ्या स्त्रियांना एसीएल तुटण्याचा धोका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त असतो, हे अनेक खेळांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. आणि आपल्याकडे मुलीचा गुडघा गेला तर घरचे पहिली गोष्ट करतात ती म्हणजे दुखापत लपवतात. लग्नाची मुलगी, पाय अधू आहे असं बाहेर कळायला नको. मी दोन मुली अशा पाहिल्या आहेत ज्यांचं खेळणं दुखापतीने थांबवलं नाही, घरच्या गुपिताने थांबवलं.

पोरं एवढ्या धोक्यात का उतरतात, असं शहरातले लोक कधीकधी विचारतात. प्रेमापोटी, हे खरंच आहे. पण त्याबरोबर नोकरी आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस, बँका यांचे संघ आहेत. कोरडवाहू जमिनीच्या घरातल्या पोराला राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र म्हणजे घराचं छप्पर. त्यासाठी तो हिवाळ्यातल्या रात्री एका गावाहून दुसऱ्या गावाला खेळत फिरतो, कारण निवड समितीच्या नजरेत यायचं असतं. गुडघा गेला की हे सगळंच जातं. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर धावायचं असतं, 100 मीटर धावायचं असतं, गोळा फेकायचा असतो. म्हणजे कबड्डी सुटली म्हणून साधी भरती द्यावी, तर तो दरवाजाही त्याच गुडघ्याने बंद केलेला. वयाची अट मात्र दुखापतीसाठी थांबत नाही. मी ज्या पोराबद्दल लिहितो आहे त्याची आई मला म्हणाली होती, 'दादा, पाय मोडला असता तर जुळला असता. ह्याचं काय तुटलंय ते दिसत पण नाही, लोकांना वाटतं सोंग करतोय.'

इथपर्यंत मी गुडघ्याबद्दल बोललो, कारण कबड्डीत मी सगळ्यात जास्त पाहिला तो गुडघाच. पण गुडघ्याने माणूस मरत नाही. छातीला आणि डोक्याला लागलं तर मरतो. 2022 च्या जुलैत तमिळनाडूत पणरुट्टीजवळच्या एका गावात 22 वर्षांचा खेळाडू चढाई करताना पडला, त्याच्या छातीवर प्रतिस्पर्ध्याचा गुडघा आला, तो उठायला गेला आणि पुन्हा कोसळला तो कायमचा. त्याचा व्हिडिओ मोबाइलवरून सगळीकडे फिरला. मी तो एकदाच पाहिला. उठायला बघणारा तो मुलगा आणि भोवती 'काय झालं' म्हणून गोळा होणारी माणसं.

त्यानंतर पाचेक महिन्यांनी, 2 जानेवारी 2023 ला, अमेरिकेत सिनसिनाटीच्या मैदानात डमार हॅम्लिन हा अमेरिकन फुटबॉल खेळणारा 24 वर्षांचा खेळाडू समोरच्याला अडवून उठला आणि मागच्या मागे कोसळला. छातीवर नेमक्या क्षणी बसलेल्या धडकेने त्याचं हृदय बंद पडलं होतं. संघाच्या वैद्यकीय मदतनीसाने तिथल्या तिथे छाती दाबायला सुरुवात केली, विजेचा झटका देणारं यंत्र मैदानाकडेलाच होतं, आणि तो वाचला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा मुख्य हंगामातला सामना खेळला. पणरुट्टीच्या मुलाच्या मृत्यूचं कारण नेमकं तेच होतं असा दावा मी करत नाही. पण हृदय बंद पडल्यावर मदत न मिळता जाणारं प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी कमी करतं. आपल्या गावच्या मैदानात अशी वेळ आली तर 108 ला फोन लागेल, गाडीही येईल, पण ती येईपर्यंतच्या मिनिटांत छाती कशी दाबायची हे मैदानातल्या किती जणांना येतं? मी वीस वर्षं पंच होतो आणि मला येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एका दुपारात शिकलो. एका दुपारात शिकता येण्यासारखी गोष्ट मी वीस वर्षं शिकलो नाही, कारण ती मला कुणी विचारली नाही.

डोक्याच्या माराचं तेच. कबड्डीत चढाईवाल्याला रोखायला जाणाऱ्या दोघांची डोकी एकमेकांवर आदळतात, हे प्रत्येक स्पर्धेत होतं. पोरगा क्षणभर भोवंडतो, तोंडावर पाणी मारतात, 'किती बोटं आहेत' विचारतात, तो तीन म्हणतो आणि खेळ सुरू. मेंदूला हादरा बसलेल्या माणसाला बोटं बरोबर मोजता येतात. उशिरा कळणारी चिन्हं वेगळी असतात, तेच तेच विचारणं, मळमळ, डोळ्यांवर अंधारी. आणि पहिल्या हादऱ्यातून मेंदू सावरलेला नसताना दुसरा बसला तर तो जिवावर बेतू शकतो. क्रिकेटने 2019 च्या ऑगस्टपासून डोक्याला मार बसलेल्याच्या जागी कसोटीतही बदली खेळाडू मान्य केला, आणि त्याच महिन्यात लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन फलंदाजीला उतरला. क्रिकेटसारख्या परंपरेला चिकटून राहणाऱ्या खेळाला हे जमलं. ज्या खेळात पाच राखीव खेळाडू बाकावर बसलेलेच असतात, त्या खेळाला भोवंडलेल्या पोराला त्या रात्रीपुरतं बसवणं का जमू नये?

आता विरोधातलं बोलतो, कारण ते मी रोज ऐकतो आणि ते बोलणारी माणसं वाईट नाहीत. आमच्याकडच्या एका जुन्या आयोजकांचं म्हणणं असं: 'तुम्ही डॉक्टर मागाल, अॅम्ब्युलन्स मागाल, विमा मागाल. मंडळाची पोरं वर्गणी काढून ही स्पर्धा भरवतात. एवढं ओझं टाकलंत तर स्पर्धाच बंद पडेल, आणि मग पोरं मोबाइल बघत बसतील. ते बरं का?' या म्हणण्यात तथ्य आहे. कबड्डी या मातीत टिकली ती पैशावर नाही, मंडळांवर टिकली. गिरणगावात पाळी संपवून आलेल्या कामगारांनी ती खेळली. बुवा साळवींसारख्या माणसांनी आयुष्य वेचून तिला नियम दिले, संघटना दिली, आणि म्हणूनच 1990 ला ती बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत पोहोचली. उद्या कुणी अधिकारी कागदांची यादी घेऊन उभा राहिला आणि गावोगावच्या स्पर्धा थांबल्या, तर मला सगळ्यात आधी दुःख होईल.

पण मी त्याच आयोजकांच्या स्पर्धेत पंच होतो. पहिलं बक्षीस 51 हजार होतं. चषक कमरेएवढा होता. पाहुण्यांना फेटे, शाली, नारळ होते, गावाच्या वेशीपर्यंत बॅनर होते आणि मैदानाच्या दोन्ही टोकांना छातीत धडधडेल असे स्पीकर होते. हे सगळं असू द्या, त्यात माझं काही म्हणणं नाही. सणासारखी स्पर्धा मलाही आवडते. पण त्या खर्चाच्या वहीत खेळाडूच्या अंगासाठी एक ओळ नव्हती. तेव्हा प्रश्न पैशाचा राहत नाही. वहीत कुठली ओळ आधी लिहायची, याचा तो प्रश्न आहे.

दहीहंडीकडे बघा. गोविंदा पडत होते, मरत होते, जन्माचे अंथरुणाला खिळत होते. वर्षानुवर्षं त्यावर भांडणं झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2017 ला 14 वर्षांखालच्या मुलांना थरांवर चढवणार नाही अशी हमी राज्य सरकारला द्यावी लागली. 2022 ला सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, आणि पुढे गोविंदांचा विमा सरकारी खर्चाने उतरवला जाऊ लागला. 2023 ला त्याचा हप्ता माणशी 75 रुपये होता. तो विमा पुरेसा आहे का, यावर वाद घालता येईल. पण पडलेल्या गोविंदाची जबाबदारी फक्त त्याच्या आईवडिलांची नाही, एवढं या राज्याने मान्य केलं. मग थंडीभर गावोगावी मॅटवर आणि मातीत खेळणारी कबड्डीची पोरं-पोरी, जत्रेच्या फडात उतरणारे पैलवान, यांच्याबाबतीत तेच मान्य करायला काय अडतं? गोविंदांची पथकं संघटित आहेत, ती मंत्र्यांपर्यंत पोहोचतात. कबड्डीतला जायबंदी पोरगा एकटा असतो, आणि जायबंदी झाल्यावर तर संघाच्या व्हॉट्सअॅप गटातूनही हळूहळू बाजूला पडतो.

म्हणून मागणी करायची तर मी विम्यापासून करेन. संघटनेची मान्यता असलेली कुठलीही स्पर्धा खेळाडूंच्या अपघात विम्याशिवाय होऊ नये, आणि त्याचा हप्ता प्रवेश फीत धरावा. विमा नुसता मृत्यूचा आणि हातपाय गमावण्याचा नको. लिगामेंट त्यात आलं पाहिजे, फिजिओच्या फेऱ्या आल्या पाहिजेत, कारण आमच्या खेळात माणूस तिथेच संपतो. दुसरं, डोक्याला मार लागलेला किंवा गुडघ्यातून आवाज आलेला खेळाडू त्या रात्री परत खेळणार नाही, हा निर्णय पंचाचा असावा आणि त्यावर कुणाचं अपील नसावं. हे मी अधिकार हवा म्हणून मागत नाही. त्या पोराने 'सर, खेळतो' म्हटलं तेव्हा मला नियमाचा आधार हवा होता. एकवीस वर्षांचा मुलगा, समोर चार हजार लोक, कानात टाळ्या, तो खेळतोच म्हणणार. त्याला थांबवायचं ओझं त्याच्यावरच टाकणं हा अन्याय आहे.

मॅटबद्दलही कुणीतरी बोलायला हवं. मातीत खरचटायचं, कोपरं सोलवटायची, पण पाय घसरून सुटायचा. मॅटवर बूट पकडतो, तो सोडत नाही. त्यात गावात मॅट घालतात ती ऊन-पाऊस खाल्लेली, तुकड्यांचे सांधे उचकटलेली, खाली जमीन उंचसखल, आणि रात्री दहानंतर वरून दंव. अर्ध्या मॅटवर पाय पकडला जातो आणि अर्ध्या मॅटवर निसटतो. मोठ्या स्पर्धा मॅटवर म्हणून आपणही मॅट आणली, पण सभागृहातल्या सपाट जमिनीवर अंथरायची वस्तू नांगरटीच्या रानात अंथरली. सांध्यांवर टेप लावायला आणि दर सामन्यानंतर मॅट कोरड्या फडक्याने पुसायला दहा मिनिटं लागतात.

आणि सराव. फुटबॉलवाल्यांनी मुलांसाठी वीस मिनिटांचा एक व्यायामक्रम बनवला आहे. उडी मारून गुडघा सरळ रेषेत ठेवून उतरणं, एका पायावर तोल सांभाळणं, मांडीच्या मागचे स्नायू बळकट करणं, असं सगळं त्यात आहे आणि साधन काहीच लागत नाही. नॉर्वेत खेळणाऱ्या मुलींवर तो करून पाहिला तेव्हा दुखापती जवळपास एक तृतीयांशाने कमी झाल्या. आमच्या सरावात शंभर बैठका असतात, दोनशे असतात, पण उडीवरून कसं उतरायचं हे कुणी शिकवत नाही. जुन्या वस्तादांना पडायचं कसं हे शिकवता यायचं. तालमीत पहिले दोन महिने पोरगा फक्त पडत असे. ती विद्या आपल्याच घरातली आहे, ती कबड्डीच्या मैदानावर आणायला काही हरकत नाही.

एवढं सगळं केलं तरी गुडघे जाणारच, हे मला माहीत आहे. पकड म्हणजे पकड, तिथे अंग अंगावर येणारच, आणि त्यासाठीच आम्ही हा खेळ खेळतो. एकटा माणूस सात जणांच्या अंगणात श्वास रोखून शिरतो आणि परत येतो, याच्याएवढं थरारक मी दुसरं काही पाहिलेलं नाही. हा खेळ मवाळ करावा असं मी म्हणत नाही. पडलेल्याला उचलणारे हात आधीपासून ठरलेले असावेत, एवढंच मागतो.

तो पोरगा आता 27 वर्षांचा आहे. शस्त्रक्रिया झाली, पण फिजिओ अर्धवट सुटला. डावी मांडी अजून उजवीपेक्षा बारीक दिसते. देवळाच्या पायऱ्या तो आडवा होऊन उतरतो. दूध संघाच्या टेम्पोवर चालक आहे, लग्न झालंय, मजेत आहे असं सांगतो. कबड्डी बघायला येत नाही.

गेल्या जानेवारीत मी एका गावी पंच होतो. नाणेफेकीआधी आयोजकांना विचारलं, गाडी कुठली आणि चालक कोण? कुणीतरी म्हणालं, असेल इथेच, तुम्ही सुरू करा. मी म्हटलं, आधी दाखवा. प्रमुख पाहुणे व्यासपीठावर बसले होते, लोक शिट्ट्या मारत होते, मागून कुणीतरी माझ्या नावाने ओरडलं. दोन्ही कर्णधार माझ्यासमोर हात चोळत उभे होते, थंडी होती. पाऊण तासाने एक जीप आली, तिच्या मागच्या सीटवर फळी आणि गादी टाकून घेतली, चालकाचा नंबर मी गुणलेखकाच्या कागदावर लिहून घेतला. मग खिशातून नाणं काढलं.